बोरू

बोरू : नळ जातीच्या गवताच्या पोकळ व कठीण कांडीपासून तासून केलेली लेखणी, तसेच ज्या गवतापासून ही कांडी मिळते ते गवत. पोलादी टाक सार्वत्रिक होईपर्यंत मराठी राज्यकारभार, सावकारी, पोथीलेखन आणि शाळेतील अक्षरओळख यांचा सर्व भार या अल्पमोली साधनावर होता. मराठी शेतकऱ्याच्या बोलीत मात्र हिरवळीच्या खतासाठी पेरल्या जाणाऱ्या तागालाही बोरू म्हणतात. त्याचा लेखणीशी काही संबंध नाही.

पाणथळ जागी वाढणाऱ्या उंच, पोकळ दांड्याच्या गवतांना मराठीत एकच सर्वसमावेशक नाव नाही. ओढ्यांच्या व तळ्यांच्या काठी आढळणारा नळ (फ्रॅग्मायटीस कार्का) हा त्यांतील प्रमुख होय. तुकारामांच्या अभंगामुळे घरोघरी ठाऊक असलेला लव्हाळा मुस्तक कुलातील असून त्याचा दांडा भरीव असतो. त्याची लेखणी होत नाही. पाणकणीस व कास यांचीही गणना सैलपणे याच गटात केली जाते. ही गवते मुख्यत्वे गोड्या पाण्याची आहेत. म्हणून वांद्रे-माहीमच्या खाडीत, जेथे भरतीचे खारे पाणी फिरते तेथे, तिवरांचे राज्य दिसते, नळाचे नव्हे.

संस्कृत ‘नल’ किंवा ‘नड’ या शब्दाचा मराठीतील विस्तार मोठा आहे. नळी, नळा, नळकांडे हे त्याच वर्गातील शब्द होत. निषधराज नलाच्या नावाचा अर्थही हेच गवत. इ. स. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबई शहराला मिळू लागले आणि लोखंडी नळ घरोघरी पोहोचले. आज ‘नळ’ म्हटल्यावर शहरवासीयाला गवत आठवत नाही, हे स्वाभाविक आहे. ‘कलम’ या शब्दाचा प्रवास याहून लांबचा आहे. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरूचे गवत. त्यापासून अरबी ‘कलम’ झाला व फार्सीच्या द्वारे तो मराठीत आला. लेखणी, कायद्याचे किंवा कराराचे एकेक पोटवाक्य, आणि तिरपा छेद देऊन बांधलेले झाडाचे कलम असे तीन अर्थ येथे त्याला मिळाले. संस्कृतात साळीच्या एका जातीला कलम म्हणतात. तो शब्द मराठीतील लेखणीवाचक कलमाहून वेगळा समजावा. ‘कायदेकानू’तील ‘कानू’सुद्धा मुळात याच कुळातला. नळाच्या सरळ कांडीला सेमिटिक भाषांत जे नाव होते त्यावरून ग्रीकमध्ये मोजपट्टी व पुढे नियम या अर्थी ‘कानोन’ शब्द रूढ झाला. त्याचे अरबी रूप कानून. ख्रिस्ती धर्मसंस्थेचे नियमही युरोपीय भाषांत याच शब्दाने ओळखले जातात.

इंग्रजीतील ‘रीड’ हा शब्द गवत, फुंकवाद्यातील कंप पावणारी पट्टी आणि मागावरील फणी या तिन्हींसाठी चालतो. मराठीत त्यांना आपापली नावे होतीच. सनईच्या तोंडाशी बसविलेली जिव्हाळी खरोखरीच गवताची असते. मागाची फणीही पूर्वी बांबूच्या किंवा बोरूच्या चोयांची करीत. ‘रीड’ हा शब्द मराठीत आला तो पितळी पट्ट्यांच्या बाजाच्या पेटीबरोबर आणि कापडगिरण्यांतील पोलादी फण्यांबरोबर. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन झाली. संगीत रंगभूमीवर पेटी व ऑर्गन रुळले ते त्यानंतर काही दशकांनी. अशा रीतीने गवताचे इंग्रजी नाव मराठीने केवळ धातूच्या वस्तूंना दिले. गवताला ते कधीच लागले नाही.

लेखणीसाठी पिकलेली, पिवळसर तपकिरी कांडी निवडून वीतभर तुकडा काढीत. एका टोकाला लांब तिरपा छेद देऊन गर खरवडीत. जिभेसारख्या उरलेल्या भागाला मध्ये उभी चीर देत आणि शेवटी टोक आडवे कापीत. चिरेतून शाई बेताने उतरते. टोक झिजले की पुन्हा तासावयाचे, त्यामुळे बोरूबरोबर चाकू हवाच. पिसाच्या लेखणीची किंवा अणकुचीदार टाकाची जाड रेघ हाताच्या दाबाने उमटते. बोरूचे टोक दाबाने फारसे फाकत नाही. त्याची रेघ जाड होईल की बारीक हे ती कोणत्या दिशेने ओढली यावर ठरते. देवनागरी अक्षराला जो ठसठशीतपणा आहे तो या गुणाचा आहे. बाळबोध अक्षराचा कित्ता टाक आल्यानंतरही अनेक शाळांत बोरूनेच गिरवून घेत. हा शिक्षकांचा निव्वळ हट्ट नव्हता. मुद्रणाने बोरूला हातातून काढले, पण अक्षरातून काढले नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींच्या शिळाछापावर निघालेली पुस्तके म्हणजे हस्ताक्षराचीच छपाई होती, आणि जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक खिळ्यांतही बोरूचे वळण कायम राहिले.

पोथ्या बाळबोधीत, तर दप्तर मोडीत, अशी वाटणी होती. मोडीत प्रथम ओळीची शिरोरेघ कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढून घेत व तिच्याखाली अक्षरे शक्य तो हात न उचलता लिहीत जात. चिटणिशी, बिवलकरी, रानडी ही मोडीची नामांकित वळणे. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी. शाई काजळ व डिंक यांची. ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून ती सुकवीत. तलवारीपेक्षा लेखणीवर पोट भरणाऱ्याला ‘बोरूबहाद्दर’ म्हणून हिणविण्यात येई. पण मोहिमेवरील सरदारालाही फौजेचा खर्च, वसूल आणि वतनाचा निवाडा यांसाठी या बहाद्दराचीच वाट पाहावी लागे.

लेखणी बदलली की राज्य बदलले, हे साष्टी बेटाच्या दक्षिण टोकावरील वांद्रे गावाच्या बाबतीत जवळजवळ अक्षरशः खरे आहे. १५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्यांचा कारभार पिसाच्या लेखणीचा. इंग्रजी ‘पेन’ शब्दाच्या मुळाशीही पीस हाच अर्थ आहे. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई घेतली आणि पुढील सुमारे पस्तीस वर्षे या भागाचा जमाखर्च बोरूने मोडीत लिहिला गेला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ मध्ये खुला झाला. त्या सुमारास बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतील पोलादी टोके जगभर विकली जात होती. युरोपीय दप्तरांत वापरलेली लोहयुक्त शाई कालांतराने कागद खाते व अक्षरांच्या जागी भोके पडतात. काजळाच्या शाईने कागदाला असा अपाय होत नाही. मराठी दप्तराचे वैरी कसर, वाळवी आणि ओल हे आहेत.

त्यांहून मोठा वैरी मात्र लिपीचे विस्मरण हा ठरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शासकीय व्यवहारातून व नंतर शाळांतून मोडी मागे पडली. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड संपादित केले. त्यांत वसई मोहिमेच्या पत्रव्यवहाराला स्वतंत्र खंड आहे. पण मूळ संग्रहाच्या मानाने हे सारे अल्पच होय. मोडी कागद केवळ इतिहाससंशोधकांच्या कामाचे आहेत असाही समज खरा नाही. जमिनीचे जुने हक्क, इनामे व वंशावळी त्यांत नोंदविलेल्या आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढली आणि अशी माणसे किती थोडी उरली आहेत हे सर्वांच्या लक्षात आले. पुराभिलेख खात्यातर्फे व काही संस्थांतर्फे मोडीचे वर्ग घेण्यात येतात. लेखणी म्हणून बोरू मुख्यतः सुलेखनकारांच्या हाती राहिला आहे. र. कृ. जोशी यांनी देवनागरीच्या संगणकीय अक्षररूपांना आकार देताना आणि अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांचा अभ्यास करताना याच लेखणीच्या परंपरेचा आधार घेतला.