बिशप, अध्यक्ष आणि नाझर

1788 च्या सप्टेंबरात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने अमेरिकेतला आपला सहकारी फ्रान्सिस ॲस्बरी याला पाठवलेले पत्र एका शब्दापायी गाजले. ॲस्बरी स्वतःला 'बिशप' म्हणवून घेऊ लागला होता. लोकांनी आपल्याला लबाड म्हटले, मूर्ख म्हटले तरी चालेल, पण बिशप म्हणून घ्यायला आपण कधी राजी होणार नाही, अशा आशयाचे वेस्लीने त्यात लिहिले. चार वर्षांपूर्वी, 1784 मध्ये, अमेरिकेतल्या मेथडिस्टांची व्यवस्था लावताना त्याने जे पद योजले त्याचे नाव होते 'सुपरिंटेंडंट'.

आता गंमत पाहा. 'सुपर' म्हणजे वर आणि 'इंतेंदेरे' म्हणजे लक्ष लावणे. ग्रीक 'एपिस्कोपोस'चा अर्थ उलगडताना संत ऑगस्टीनने हेच लॅटिन क्रियापद वापरले होते. 'एपि' म्हणजे वर, 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. दोन्ही शब्दांचा सांगाडा एकच, आणि ग्रीक नवा करार मुळातून वाचणाऱ्या वेस्लीला हे ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. शब्दाच्या अंगावर शतकानुशतके चढलेला झगा त्याला नकोसा असावा.

एपिस्कोपोसने प्रवासात फार रूपे पालटली. लॅटिनात तो 'एपिस्कोपुस' झाला, जुन्या इंग्रजीत तोंडचा 'ए' गळून 'बिस्कोप' झाला, स्पॅनिशात 'ओबिस्पो', पोर्तुगीजात 'बिस्पो' आणि तिथून गोव्याच्या कोंकणीत 'बिस्प'. अरबीने त्याला 'उस्कुफ' केले. फ्रेंच 'एव्हेक'मध्ये मूळ शब्दाचा चेहराही ओळखू येत नाही, तरी रक्त तेच. मराठीतला 'बिशप' मात्र इंग्रजीमार्गे आलेला, तुलनेने पोरसवदा.

यातला 'स्कोपोस' आपला लांबचा नातेवाईक आहे. मूळ धातू 'स्पेक्'. ग्रीकांनी त्यातल्या वर्णांची अदलाबदल करून 'स्केप्-स्कोप्' केले, लॅटिनने 'स्पेकेरे' ठेवले (त्यातूनच इन्स्पेक्टर), आणि संस्कृतात तो 'स्पश्' म्हणून नांदला. ऋग्वेदात वरुणाचे 'स्पश' सगळीकडे नजर ठेवून असतात. पुढे 'स्पश' म्हणजे हेर, आणि आरंभीचा स गळालेले 'पश्यति' म्हणजे पाहतो. प्राकृत 'पासइ'मधून आपले 'पाहणे' आले असावे. तसे असेल तर 'पाहणी' आणि 'बिशप' हे एकाच आजोबांचे नातू ठरतात.

याहून सुरस गाठ आरियनने घालून ठेवली आहे. अलेक्झांडरचा हा चरित्रकार आपल्या 'इंडिका'त ग्रीक वकील मेगस्थनीसच्या आधाराने भारतीय समाजाचे सात वर्ग सांगतो. त्यातल्या सहाव्या वर्गाला त्याने 'एपिस्कोपोइ' म्हटले आहे: गावोगाव, नगरोनगर काय चालले आहे ते पाहून राजाला कळवणारे लोक. पाटलिपुत्राच्या या अंमलदारांना हे ग्रीक नाव नेमके कोणत्या देशी शब्दासाठी मिळाले? त्यांचे काम पाहता ते कौटिल्याच्या गूढपुरुषांच्या, म्हणजे हेरांच्या, जवळचे दिसतात. पण मला 'अध्यक्ष' या शब्दाकडेही बोट दाखवावेसे वाटते. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'च्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच 'अध्यक्षप्रचार'. शेतीवर सीताध्यक्ष, जकातीवर शुल्काध्यक्ष, सुतावर सूत्राध्यक्ष, गाईंवर गोऽध्यक्ष, दारूवर सुराध्यक्ष. 'अधि' म्हणजे वर, 'अक्ष' म्हणजे डोळा. प्रत्यक्ष, परोक्ष, समक्ष यांतला तोच. म्हणजे एपिस्कोपोसचा अवयवशः जुळणारा संस्कृत जोडीदार. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात तर परम आकाशातून या सृष्टीवर डोळा ठेवणाराही 'अध्यक्ष'च आहे.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी तीमथ्याच्या पत्रात एपिस्कोपोससाठी 'अध्यक्ष' घातला, तो या दृष्टीने अचूक. पण मधल्या काळात अध्यक्षाचा डोळा मिटला आणि खुर्ची उरली. संमेलनाचा अध्यक्ष, विधानसभेचा अध्यक्ष, सोसायटीचा अध्यक्ष: हे मुख्यतः स्थानापन्न असतात. ॲस्बरी असा बसणारा नव्हता. 1816 मध्ये मरेपर्यंत तो घोड्यावर फिरत राहिला. त्याच्या अध्यक्षपणाला मराठी कचेरीतला नेमका शब्द 'फिरती'.

ही फिरती चर्चच्या घटनेतही शिरली. 1808 मध्ये जोशुआ सोलने मेथडिस्टांसाठी जो मसुदा लिहिला, त्यातल्या एका कलमात 'एपिस्कोपसी' मोडू नये आणि 'फिरत्या सर्वसाधारण सुपरिंटेंडन्सी'ची योजना नष्ट करू नये, असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसवले आहेत. वेस्लीने तोडलेली जोडी सोलने पुन्हा जुळवली.

तिचा अर्थ काय, यावर 1844 मध्ये न्यूयॉर्कच्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च परिषदेत, चर्च दुभंगले. जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू वारशाने आणि विवाहाने गुलामांचे मालक झाले होते. लिओनिदास हॅमलाइनचा युक्तिवाद असा की बिशप हा परिषदेचा अधिकारी. जिने नेमले तिने थांबवावे. दक्षिणेकडच्यांच्या मते बिशपपद स्वतंत्र, परिषदेच्या बरोबरीचे. अडचण टळेपर्यंत अँड्र्यू यांनी काम थांबवावे, असा ठराव 110 विरुद्ध 68 मतांनी झाला. मग बिशपांनी आपापसात फिरतीचे वाटप केले, त्यात अँड्र्यू यांचे नाव घातले नाही. त्यांना कामावर बोलावणारे पत्र लिहिले ते सोल यांनीच. गुलामीचे समर्थन कोणत्याही व्युत्पत्तीने होत नाही, आणि त्या बाबतीत माझे मन ठरावाच्या बाजूने आहे. तरी 'वर पाहणारा' कोणाच्या वतीने पाहतो, हा प्रश्न मूळ शब्दातच उघडा राहिलेला दिसतो. आरियनच्या एपिस्कोपोइंना निदान राजा तरी होता.

आमच्याकडे या पाहणाऱ्याला फारसी-अरबी नावही होते: 'नाझर'. अरबी 'नाज़िर', म्हणजे नजर ठेवणारा. जिल्हा न्यायालयात नाझर आजही आहे. जाता जाता, 'नजराणा' या घरातला नव्हे. तो 'नज़्र' म्हणजे नवस किंवा भेट यापासून आला. अरबीतली दोन निरनिराळी अक्षरे देवनागरीत एका 'ज'मध्ये विरघळली आणि दोन परके शब्द सख्खे भाऊ वाटू लागले. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला तेव्हा अशीच फारसी-अरबी नावे इकडे आली. बिंबाजी भोसल्यांनंतर, 1787 पासून, रतनपुरात 'सुभा' नेमला जाई. अरबीत 'सूबा' म्हणजे प्रांत. मराठीने प्रांतावरून माणसालाच सुभा केले. बिशपच्या बाबतीत उलटे झाले: इंग्रजीत माणसावरून त्याच्या प्रांताला 'बिशपरिक' म्हणू लागले.

पुन्हा मेथडिस्टांकडे वळू. 1888 मध्ये जेम्स थोबर्न भारत आणि मलेशियाचे 'मिशनरी बिशप' झाले. हे विशेषण शोभेचे नव्हे. फिरत्या बिशपाची नजर सगळ्या चर्चवर, मिशनरी बिशपाची फक्त नेमून दिलेल्या मुलखावर. मुलखाबाहेर तो डोळा चालत नसे. 1930-31 च्या सुमारास या चर्चला पहिले भारतीय बिशप मिळाले, जसवंतराव चितंबर. नावातला 'राव' त्यांच्या मराठी मुळाची खूण.

बिशपच्या हाताखालचा 'एल्डर' म्हणजे ग्रीक 'प्रेस्बिटेरोस', अधिक म्हातारा. इंग्रजी 'प्रीस्ट'ही त्याचाच झिजलेला अवतार. मराठी बायबलात तो 'वडील' झाला. छत्तीसगडातल्या आमच्या भिलाईच्या 'जुनवानी' या वस्तीच्या नावातही वयाचाच गुण दडलेला आहे: संस्कृत 'जीर्ण' किंवा 'जूर्ण', प्राकृत 'जुण्ण', छत्तीसगढी 'जुन्ना', मराठी 'जुना'. याच नावाची गावे महाराष्ट्रातही आहेत, आणि आपण जुन्या वळणाच्या घराला 'जुनवाणी' म्हणतो. शेवटचे 'वानी' वनातले असावे, की जुन्या वस्तीचे नुसते विशेषण? इथे उच्चार 'नी', तिकडे 'णी'. पण छत्तीसगढीत एरवीही आपल्या 'ण'चा 'न' होतो, तेव्हा या फरकावरून निवाडा होत नाही. माझा कल विशेषणाकडे आहे.