आयटीओच्या वाटेवर

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा पहिला अल्बम १९९३ साली एच.एम.व्ही.ने काढला. नाव बॅण्डचंच. काही वर्षांपूर्वी एका टिपणात मी त्याला ‘कंदिसाची कच्ची वही’ म्हटलं होतं. वाक्य जमून आलं म्हणून तेव्हा खूश झाले होते. ते मागे घेण्यासाठी हा लेख.

१९९३ मध्ये मी शाळेत होते. एम.ए. करताना वसतिगृहात ‘कंदिसा’ (२०००) आधी कानावर पडला आणि मग कुणाची तरी घासलेली कॅसेट फिरत फिरत माझ्याकडे आली. म्हणजे दुसरं आधी, पहिलं नंतर. ‘कंदिसा’त भाषांतरकाराची चंगळ आहे : केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतलं अरामाईक स्तोत्र, नर्मदेच्या खोऱ्यातलं ‘मा रेवा’. पहिल्या अल्बमात मात्र शब्द जवळजवळ नाहीतच. सुश्मित सेन यांची गिटार एखादा राग चाचपावा तशी चालते, असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गातात आणि तो आवाजही बहुतेक वेळा वाद्यासारखा येतो. मला धरायला काही मिळेना, म्हणून मी ठरवून टाकलं की यांना अजून काही सांगायचं सुचलेलं नाही.

तारखा नीट मांडल्या की हे मत टिकत नाही. सेन आणि चक्रवर्ती १९८४च्या सुमारास भेटले, १९९०ला बॅण्ड उभा राहिला, १९९१ला राहुल राम बास गिटार घेऊन आले. म्हणजे कॅसेट दुकानात आली तेव्हा मागे जवळपास दशकभराचा रियाज होता. बाजारात तेव्हा हिंदी सिनेमा होता आणि नवा हिंदी पॉप. बाबा सेहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ नुकतं, १९९२ला, गाजलेलं. ‘इंडी फोक’ हे लेबल निदान माझ्या ओळखीत कुणाच्या तोंडी नव्हतं. दुकानदाराने ही कॅसेट ठेवायची कुठे? शास्त्रीयच्या खणात बसत नाही, पाश्चात्त्यच्याही नाही आणि लोकगीत म्हणावं तर लोकांचे बोल कुठायत? ‘गोइंग टू आयटीओ’ हे त्यांच्या सुरुवातीच्या एका रचनेचं नाव. आयटीओ म्हणजे दिल्लीतलं इन्कम टॅक्स ऑफिसचं चौक, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, बसची गर्दी. रचनेला गावाचं नाव द्यायचं सोडून बसस्टॉपचं दिलं, हे मला आता फार आवडतं. शहरात राहणाऱ्यांनी आपण गावातले असल्याचं सोंग आणलं नाही.

आणि नेमकं याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं? १९९३च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी मणिबेलीत शिरलं. मणिबेली अक्कलकुवा तालुक्यात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात (नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ला). बुडिताखाली येणारं महाराष्ट्रातलं ते पहिलं गाव. कॉर्नेलहून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट करून आलेले राहुल राम त्याच वर्षांत नर्मदा बचाओ आंदोलनात होते. खोऱ्यातली गाणी त्यांच्या कानावर होती. अल्बमवर ती घालता आली असती, प्रसंगही होता. ‘मा रेवा’ आलं ते सात वर्षांनी. मधल्या काळात काय झालं हे मी त्यांच्या वतीने सांगणार नाही, पण गाणं उचलण्याआधी इतकी वर्षं गेली ही गोष्ट माझ्या धंद्यातल्या माणसाला टोचते. मी स्वतः एका आदिवासी गीताचा अनुवाद दोन संध्याकाळींत उरकलेला आहे. छापूनही आला.

मी लखनौला विकास नगरात राहते. कैसरबागेतून जाताना भातखंड्यांचं विद्यापीठ दिसतं. १९२६ला ते मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झालं. मुंबईचा हा वकील गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या स्वरलिपीत उतरवत राहिला. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मूळ मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. इथले विद्यार्थी ती हिंदी अनुवादातून वाचतात, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. लिहून ठेवल्याशिवाय हरवेल, ही त्यांची धास्ती खरीच होती. तीच सवय मीही कानाला लावून घेतली होती, की शब्द उतरवता आले तर ऐकलं. पहिल्या अल्बमने माझ्या वहीत काहीच येऊ दिलं नाही, त्याचा राग मी त्या टिपणात काढला, दुसरं काही नाही.

या रचनांना श्रोते होते का, अशी शंका येईल. १ जानेवारी १९९७ला दिल्लीत सफदर हाश्मींच्या स्मृतीत ‘सहमत’ने भरवलेल्या कार्यक्रमात बॅण्ड वाजला. आठ वर्षांपूर्वी याच तारखेला साहिबाबादला पथनाट्य चालू असताना हाश्मींवर हल्ला झाला होता. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणजे दुसरा अल्बम, ‘डेझर्ट रेन’. घोषणा आणि कविता यांच्याच त्या दिवशी, दिल्लीच्या थंडीत, लोक हे संगीत ऐकत उभे राहिले.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ला गेले. माझ्याकडची कॅसेट आता मध्येच अडकते. परवा वरच्या मजल्यावरची मुलगी दारात थबकली आणि म्हणाली, “आंटी, इसमें बोल कब आएँगे?” मी आवाज थोडा वाढवला. ती चपला न काढता उंबऱ्यावरच बसली आणि बाजू संपेपर्यंत उठली नाही.