चार बाजूंचा वाद : ‘येस’चा सर्वोत्तम अल्बम कोणता?

‘येस’ या इंग्लिश बँडचा सर्वोत्तम अल्बम कोणता, या प्रश्नावर रॉक ऐकणारी माणसे गेली पन्नास वर्षे भांडत आली आहेत. वरवर पाहता हा फावल्या वेळचा विषय आहे. पण एकाच प्रश्नाला १९७३ मध्ये एक उत्तर मिळते, १९७७ मध्ये दुसरे, १९८४ मध्ये तिसरे, तेव्हा ती केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. माणसे संगीताकडून काय मागत होती आणि ती मागणी कशी बदलत गेली, याची नोंद त्या उत्तरांत सापडते. या लेखात मी त्या वादाचा इतिहास मांडणार आहे आणि शेवटी माझा कौलही देणार आहे. कौल न देता वादावर लिहिणे म्हणजे काठावर उभे राहून पोहण्यावर व्याख्यान देण्यासारखे आहे.

बँडची घडण

गायक जॉन अँडरसन आणि बेस गिटार वाजवणारा ख्रिस स्क्वायर यांची गाठ १९६८ मध्ये लंडनच्या सोहो भागातल्या ‘ला शास’ या क्लबात पडली. त्यातून ‘येस’ उभा राहिला. रॉकची वाद्ये हाताशी ठेवून पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्यासारख्या लांब, वळणावळणाच्या रचना करायच्या, ही प्रोग्रेसिव्ह रॉकची ओढ त्या वेळी इंग्लंडमध्ये जोर धरत होती. ‘येस’चे पहिले दोन अल्बम (१९६९ आणि १९७०) या वादात फारसे येत नाहीत. खरा आरंभ १९७१ च्या ‘द येस अल्बम’पासून. गिटारवादक स्टीव्ह हाऊ आला आणि सगळ्या रचना बँडच्या स्वतःच्या झाल्या. त्याच वर्षी कीबोर्डवर टोनी केच्या जागी रिक वेकमन आला. केचे मन हॅमंड ऑर्गनमध्ये रमे. वेकमनला मूग सिंथेसायझर, मेलोट्रॉन, पियानो असे सगळे एकाच वेळी हाताशी लागे. या संचाचा पहिला अल्बम ‘फ्रॅजाइल’ (१९७१). त्यातले ‘राउंडअबाउट’ अमेरिकेत गाजले आणि चित्रकार रॉजर डीनच्या तरंगत्या जगांची मुखपृष्ठेही याच अल्बमपासून सुरू झाली.

‘फ्रॅजाइल’चे पाठीराखे आजही आहेत. पण त्यातले पाच तुकडे पाच वादकांच्या स्वतंत्र करामती आहेत. मोठी रचना आणि मधे विसावा, असा तो बेत आहे. ज्यांना वेगवेगळी गाणी आवडतात ते ‘फ्रॅजाइल’ निवडतात. ज्यांना अल्बम ही एकसंध कृती वाटते, ते पुढच्या अल्बमकडे वळतात.

तबकडीची एक बाजू

तो पुढचा अल्बम म्हणजे सप्टेंबर १९७२ चा ‘क्लोज टू द एज’. यात फक्त तीन रचना आहेत. पहिल्या बाजूवर अठरा मिनिटांहून थोडी मोठी शीर्षकरचना, दुसरीवर ‘अँड यू अँड आय’ आणि ‘सायबेरियन खत्रू’. लाँग प्लेइंग तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटे मावतात. त्यापलीकडे ताणले की खाचा अरुंद होतात आणि आवाज पडतो. आपल्याकडच्या गवयांनी जुन्या ७८ च्या तबकडीवर अख्खा राग तीन मिनिटांत बसवला, तसे या मंडळींनी स्वतःची महत्त्वाकांक्षा एका बाजूत बसवली. मर्यादेने रचनेला शिस्त लावली.

ही रचना कशी तयार झाली, हेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत सहनिर्माता आणि ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डच्या देखरेखीखाली ती तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झाली आणि मग फीत कापून, चिकटवून सलग केली गेली. म्हणजे बँडने ती आधी स्टुडिओत ‘शिवली’ आणि नंतर मंचावर सलग वाजवायला ती शिकली. तरीही कानाला शिवण जाणवत नाही. पाण्याच्या आणि पाखरांच्या आवाजातून गिटारचा झंझावात फुटतो. मध्यावर सगळे थांबते, आवाज आणि चर्चचा ऑर्गन एवढेच उरते. आणि मग सुरुवातीचीच सूत्रे नव्या तेजाने परत येतात. मांडणी, विस्तार, विसावा, परतणे हा आकार श्रोत्याला न सांगता कळतो.

या रचनेमागे अँडरसनच्या मनात हर्मन हेसेची ‘सिद्धार्थ’ ही १९२२ ची जर्मन कादंबरी होती. शीर्षकातला ‘काठ’ नदीचा आहे. ध्वनिमुद्रण संपताच ड्रमवादक बिल ब्रुफर्ड बँड सोडून ‘किंग क्रिम्झन’मध्ये गेला. या वाटेने याहून पुढे जाता येणार नाही, असे त्याला वाटत होते. वादातला पहिला कौल असा बँडच्या आतूनच आला.

एक तळटीप, चार बाजू

वादाचा गाभा मात्र पुढच्या अल्बममध्ये आहे. मार्च १९७३ मध्ये ब्रुफर्डच्या लग्नात ‘किंग क्रिम्झन’चा तालवादक जेमी म्यूर याने अँडरसनला परमहंस योगानंद यांच्या ‘योगी कथामृत’ या १९४६ च्या इंग्रजी आत्मचरित्राबद्दल सांगितले. त्याच महिन्यात टोकियोच्या हॉटेलात पुस्तक वाचताना अँडरसन एका लांबलचक तळटिपेपाशी थांबला. शास्त्रग्रंथांचे चार वर्ग सांगणारी ती टीप : श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. चार वर्ग, चार रचना, दोन तबकड्यांच्या चार बाजू! अमेरिकेच्या दौऱ्यात अँडरसन आणि हाऊ हॉटेलांच्या खोल्यांत बसून आराखडा रचत गेले. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावी एका रात्री पहाटेपर्यंत बसून त्यांनी तो पक्का केला.

हा अल्बम म्हणजे ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. त्यातल्या रचनांची नावे गूढ, फुगवलेली आहेत, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. मराठी वाचकाला मात्र त्यांत गूढ काही वाटू नये. पहिली ‘द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड’ म्हणजे प्रकट झालेले ज्ञान, श्रुती. दुसरी ‘द रिमेम्बरिंग’ म्हणजे स्मरण, स्मृती. तिसरी ‘द एन्शंट’ म्हणजे प्राचीन. आणि ‘पुराण’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जुने’ हाच. चौथी ‘रिच्युअल’ म्हणजे विधी, तंत्र. ही नावे जवळजवळ भाषांतरे आहेत. त्या तळटिपेचा अनुक्रमही तसाच ठेवला आहे.

याचा अर्थ अँडरसनने शास्त्रांचा अभ्यास केला होता असा नाही, आणि हे संगीतही भारतीय नाही. तळटिपेने त्याला विषयापेक्षा एक चौकट दिली. ‘सिद्धार्थ’ जर्मनमार्गे आला होता, शास्त्रे कॅलिफोर्नियामार्गे आली. दोन्ही वेळा भारत त्याच्यापर्यंत पुस्तकातूनच पोचला. फरक इतकाच की ‘क्लोज टू द एज’मध्ये एका माणसाचा नदीपर्यंतचा प्रवास होता, त्याला आरंभ आणि शेवट होता. चार शास्त्रवर्गांत तसा प्रवास नसतो, ते एकाशेजारी एक असतात. ‘टेल्स’ ऐकताना जो विस्कळीतपणा जाणवतो त्याचे मूळ मला इथे दिसते.

ध्वनिमुद्रण लंडनच्या विल्सडन भागातल्या मॉर्गन स्टुडिओत झाले. काहींना गावाकडे जाऊन काम करायचे होते, काहींना शहरात. तडजोड म्हणून स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या आणि पुठ्ठ्याच्या गाई आणून ठेवल्या गेल्या. वेकमनचा जीव मात्र तिथे रमेना. शेजारच्या खोलीत ‘ब्लॅक सॅबथ’चे काम चालू होते, तिथे जाऊन त्याने त्यांच्या ‘सॅब्रा कडॅब्रा’ या गाण्यात वाजवले. त्याचा आक्षेप नेमका होता : हाती असलेला ऐवज एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होता, म्हणून तो ताणला गेला. ज्या मर्यादेने ‘क्लोज टू द एज’ घडवला, तीच चारपट झाल्यावर भरण्याची सक्ती बनली.

१९७३ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर बँडने अल्बम बाजारात येण्याआधीच तो संपूर्ण वाजवायला घेतला. सुमारे ऐंशी मिनिटांचे अनोळखी संगीत श्रोत्यांनी एका बैठकीत ऐकायचे होते. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला प्रसंग वेकमन स्वतः रंगवून सांगतो. त्याच्या वाद्यांची काळजी घेणाऱ्या मदतनिसाने विचारले, कार्यक्रमानंतर काय खाणार? वेकमनने करी सांगितली. मदतनिसाने ती तेव्हाच मागवली आणि रचना चालू असतानाच विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी वेकमनच्या पुढ्यात आली. त्याने ती कीबोर्डवर मांडून खाल्लीही. शास्त्रांवरच्या रचनेच्या मधोमध गोव्याच्या विंदालूचा वास दरवळला.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत सहाव्या. समीक्षकांनी त्याला झोडपले. मे १९७४ मध्ये वेकमनने बँड सोडला.

कौल कसे फिरले

१९७६-७७ मध्ये पंक रॉक आले. तीन सूर, तीन मिनिटे, राग आणि घाई हे त्याचे भांडवल. नव्या पिढीला आधीच्या पिढीच्या अतिरेकाचा पुरावा हवा होता आणि चार बाजूंचा, तळटिपेतून निघालेला हा अल्बम आयताच हाती लागला. तेव्हापासून ‘टेल्स’ हे नाव एका दोषाचे नाव बनले.

१९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा गिटारवादक ट्रेव्हर रेबिन याच्यासह नव्या रूपातल्या ‘येस’ने ‘९०१२५’ काढला. त्यातले ‘ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट’ जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. या गाण्यापासून ‘येस’ ऐकू लागलेल्यांना आधीचे सारे अवजड वाटले, आणि जुन्यांना हा ‘येस’च वाटेना. दोघांच्या वादात एकच शब्द वापरला जातो, पण एकाला ‘सर्वोत्तम’ म्हणजे नेमके गाणे अभिप्रेत असते, दुसऱ्याला मोठी झेप.

साधनांनीही कौल फिरवले. आमच्यातल्या बहुतेकांनी हे संगीत कॅसेटवर ऐकले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर ‘क्लोज टू द एज’ अख्खा मावे, आणि ‘टेल्स’ला दोन्ही बाजू लागत. श्रुती आणि स्मृती सलग, मग कॅसेट उलटली की पुराण आणि तंत्र. तबकडीवर वीस मिनिटांनी उठावे लागे, तो श्वास घेण्याचा अवकाश कॅसेटने काढून घेतला. मी ‘टेल्स’ तबकडीवर, एका वेळी एक बाजू असा ऐकला तेव्हा तो कितीतरी हलका वाटला. २०१६ मध्ये स्टीव्हन विल्सनने मूळ फितींवरून केलेले नवे मिश्रण आले आणि गढूळ वाटणारे थर सुटे झाले. अल्बम तोच, पण ऐकणे बदलले की कौलही हलतो.

माझा कौल

सर्वोत्तम अल्बम ‘क्लोज टू द एज’. त्यात जे योजले ते साधले आहे आणि एक मिनिटही उसने नाही. इथे मी बहुमताबरोबर आहे.

पण ‘टेल्स’ला तळाशी ढकलणाऱ्यांबरोबर मी नाही. माझे कारण रसिकतेपेक्षा इतिहासाचे आहे. १९७६ मध्ये वेकमन परतला आणि बँडने स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथे ‘गोइंग फॉर द वन’ केला. त्यातली शेवटची रचना ‘अवेकन’, पंधरा मिनिटांची. वेकमनने जवळच्या व्हवे गावातल्या चर्चचा ऑर्गन वाजवला आणि तो टेलिफोनच्या तारांवरून स्टुडिओत आणून मुद्रित केला गेला. ‘टेल्स’मध्ये जे शोधले जात होते, म्हणजे मंत्रासारखी आवर्तने, वाद्यांचा सावकाश चढणारा थर, टोकाला पोचल्यावरची शांतता, ते इथे निम्म्याहून कमी वेळात आणि ‘टेल्स’चे सर्वात कडवे टीकाकार असलेल्या वेकमनच्याच हातांनी साधले. चार बाजू भरण्याचा अट्टहास झाला नसता, तर काय गाळायचे हे या लोकांना कळले नसते, असे माझे मत आहे. क्रमवारी लावताना आपण अल्बम सुटे करतो. ते घडले मात्र एकातून एक.

अँडरसनला भावलेल्या त्या टिपेतले पहिले दोन शब्द या वादालाही लागू पडतात. श्रुती म्हणजे ऐकलेले, स्मृती म्हणजे आठवलेले. ‘टेल्स’विषयीची बहुतेक मते आज स्मृतीच्या वर्गातली आहेत : करीचा किस्सा, पंकवाल्यांची थट्टा, वेकमनचे ताणल्याचे वाक्य. ती खोटी नाहीत, पण ऐकलेलीही नाहीत. आपल्या परंपरेत श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती प्रमाण मानतात. या अल्बमलाही तो न्याय मिळायला हवा. एका संध्याकाळी त्याची एकच बाजू ऐकावी, शक्यतो चौथी, आणि मग भांडायला यावे.