पडवीचा धनी कोण?

राजवाड्यांचा इतिहास लिहिला गेला, किल्ल्यांचा लिहिला गेला, देवळांचाही लिहिला गेला. पण ज्या जागेत घरचे खरे काम चालते तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. दिवाणखाना पाहुण्यांसाठी, देवघर देवासाठी. परंतु प्रत्येक घरात एक अशी जागा असते की जिला मान नसतो आणि जिच्यावाचून घर चालतही नाही. शहरातील बांधकामाच्या नकाशांत हल्ली तिला स्वतंत्र चौकोन मिळतो आणि तिचा सदुपयोग कसा करावा याचे सल्लेही छापून येतात. आमच्या झाडीपट्टीत ती जागा फार जुनी आहे. तिला आम्ही पडवी म्हणतो. कोणी सपरी म्हणतात. या पडवीचा उपयोग कोणी केला आणि कोणासाठी केला, एवढेच आज पाहावयाचे आहे. प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या पोटात कामगारकायद्याचा अर्धा इतिहास भरलेला आहे.

वडशाच्या आसपास वैनगंगेच्या दोन्ही काठांनी भाताचा मुलूख आहे. मातीच्या भिंती, वर कवेलू आणि पुढे उतरत्या छपराची पडवी, असे येथील जुने घर. कोपऱ्यात बांबूची, शेणमातीने लिंपलेली धानाची ढोली. जवळच उखळ-मुसळ, सूप, टोपल्या. पावसाळ्यात जळणाची लाकडे येथेच कोरडी राहात. चैत्रात वेचून आणलेली मोहफुले अंगणात वाळत आणि रात्री पडवीत येत. हंगामागणिक जागेचे काम बदले; पण एक गोष्ट बदलत नसे. पडवीत जे निपजे ते घरचे असे. जागा घरची, हात घरचे आणि फळही घरचे.

उन्हाळ्यात आणखी एक काम पडवीत येऊन बसले. तेंदूची पाने तोडावयास माणसे पहाटे जंगलात जातात, डोक्यावर ओझी घेऊन परततात आणि मग सगळे घर पडवीत बसून पुडके बांधते. आपल्या राज्यात सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांचे एक गोणे असा हिशेब आहे. पुडके फळीवर नेऊन मोजून द्यावयाचे आणि दाम घ्यावयाचे. येथे पडवीत प्रथमच असा माल तयार होऊ लागला की जो घरात राहावयाचा नव्हता.

हे पान विडीसाठी. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टला जाणारी अरुंद रुळांची रेल्वे १९१३ च्या सुमारास पुरी झाली. वडसा हे त्याच वाटेवरचे स्टेशन. पान आमच्या रानातले, तंबाखू निपाणीकडची नाही तर गुजरातेतली आणि मजुरी भाताच्या मुलखातली, अशी ही तिहेरी सोय होती. पुढे स्वदेशीच्या व असहकाराच्या चळवळींत सिगारेटवर बहिष्कार पडला, त्यानेही विडीला हात दिला. भंडारा-गोंदियाकडे या धंद्याने हजारो घरे व्यापली.

विडीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. एक सूप, एक कात्री, पान कापावयाचा पत्र्याचा नमुना आणि दोऱ्याची रीळ, की कारखाना उभा राहतो. म्हणूनच तो पडवीत मावतो. मालकाने हे फार लवकर ओळखले. हिशेब मांडून पाहा. कारखाना बांधावयाचा तर जागेचे भाडे, दिवाबत्ती, पाणी, झाडलोट आणि देखरेखीचा मुकादम हे सारे आले. माल घरी दिला की हा सर्व खर्च विडी वळणाऱ्या बाईच्या माथी गेला. शिवाय सासूने पाने कापली, मुलीने विड्यांची तोंडे मुडपली, तरी मजुरी एकाच नावावर आणि हजार विड्यांच्या भावानेच मिळावयाची. त्यातून ठेकेदाराने छाट काढली तर तेवढी वजा. पडवीचे भाडे मात्र कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही.

कायद्याचे लक्ष या धंद्याकडे सावकाश वळले. १९२९ साली नेमलेल्या राजकीय मजूर कमिशनने १९३१ मध्ये अहवाल दिला. त्यात विडीच्या कोंदट खोल्यांची आणि त्यांत राबणाऱ्या मुलांची दखल होती. आमचे ना. म. जोशी या कमिशनचे एक सभासद होते. त्यानंतर १९३७ साली मध्यप्रांताने अनियंत्रित कारखान्यांचा कायदा केला. विडी, लाख आणि कातडी कमावणे या तीन धंद्यांत जेथे पन्नास किंवा अधिक माणसे एकत्र काम करीत तेवढ्या जागांना तो लागू होता. आता पन्नास हा आकडा कायद्याने घातला की एकोणपन्नासांची वाट आपोआप मोकळी होते. मोठी खोली मोडून लहान खोल्या करता येतात आणि लहान खोल्याही नकोशा झाल्या तर घरोघरच्या पडव्या आहेतच.

१९४८ साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने याहून निराळा कायदा केला. त्या वेळी चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली, याच प्रांतात होता. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठराविक गावांत विडी वळण्यासच बंदी करण्याचा अधिकार या कायद्याने डेप्युटी कमिशनरला दिला. त्या गावच्या रहिवाशाने हंगामात विडी वळू नये, असा हुकूम निघू शकत होता. मग तो आपल्याच पडवीत का बसलेला असेना! सागर जिल्ह्यात १९५० साली असा हुकूम निघाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. खेड्यात म्हातारी, अपंग, रोवणीस वाकू न शकणारी माणसेही असतात. त्यांचाही धंदा बंद पाडणे वाजवी नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. तो रास्तच होता. घरातले काम बंद करा, हे काही घरातल्या कामाच्या दुःखावरचे औषध नाही.

अशीच गोष्ट सातासमुद्रांपलीकडे पूर्वी घडून गेली होती. न्यूयॉर्क शहरात गरिबांच्या चाळींतून सिगार वळल्या जात. सॅम्युएल गोम्पर्स आणि त्यांच्या सिगार कामगार संघाने खटपट करून १८८४ साली चाळीत सिगार वळण्यास बंदी करणारा कायदा आणविला. १८८५ साली तेथील न्यायालयाने तो मोडून काढला. माणसाला त्याच्या घरात उद्योग करण्यापासून रोखता येत नाही, असे ठरले. माणूस घरात मोकळा आहे, हे न्यायालयाने सांगितले. पण ज्या घरात दुसऱ्याची तंबाखू, दुसऱ्याचा भाव आणि दुसऱ्याचीच छाट चालते, तेथे तो कितपत मोकळा आहे, हे विचारावयाचे राहून गेले.

आमच्याकडे हा प्रश्न अर्धाच सुटला. १९६१ साली सिन्नरच्या एका प्रकरणात तर, कारखान्यात बसून, पण आपल्या सवडीने येऊन विडी वळणारा माणूस कारखाना-कायद्याखाली कामगारच नव्हे, असा बहुमताचा निकाल झाला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी विरुद्ध मत दिले. मग १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा संसदेने केला. त्यात घरी माल नेऊन विडी वळणारी बाई कामगार म्हणून मोजली गेली. ही गोष्ट थोडी नव्हे; तिच्यामुळे नोंदवही आली, ओळखपत्र आले, आणि १९७६ च्या कल्याणनिधीतून दवाखाना व मुलांच्या शिष्यवृत्त्या आल्या. परंतु हवा, उजेड आणि स्वच्छता यांचे नियम ज्या जागेसाठी केले, त्या जागेच्या व्याख्येतून राहते घर वगळले. हात कायद्यात आला, पडवी बाहेर राहिली. पुढे हा कायदा २०२० च्या संहितेत विलीन झाला. कायद्याचे नाव बदलले. पडवीतली धूळ पडवीतच राहिली.

ही धूळ साधी नव्हे. तंबाखूची पूड श्वासावाटे आत जाते आणि तिचे विष कातडीतूनही शिरते. ज्या सुपाशेजारी पाळणा टांगलेला असतो, तेथे ते पाळण्यातही जाते.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी मात्र प्रश्न मुळापासून धरला. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती घरे त्यांच्या हाती आली. त्याच परिसरात रे नगरची पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत कामगारांना मिळाली. कामाची जागा जर घरच असेल, तर चांगले घर मागणे ही मजुरीचीच मागणी आहे, हे या बायकांनी साऱ्या महाराष्ट्राला शिकविले.

तेव्हा पडवीचा सदुपयोग म्हणजे काय? आमचे उत्तर साधे आहे. तंबाखू झाकणाच्या डब्यात, धान्यापासून आणि पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवावी. समोरासमोर हवा खेळेल अशी जागा निवडावी. झाडताना धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हात धुतल्यावाचून मुलाला घेऊ नये. भिंतीत एक कोनाडा नोंदवहीसाठी राखावा आणि मिळालेले पान, मिळालेली तंबाखू, दिलेल्या विड्या आणि काढलेली छाट ही रोजच्या रोज तीत लिहावी. ज्या घरी लिहिणारे कोणी नसेल, तेथे शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे. दिवेलागणीनंतर सूप उचलून ती जागा मुलांच्या पाटी-पुस्तकाला मोकळी करावी. आणि भाव ठरविण्याची बैठक होईल तेव्हा जागेचे भाडे व दिव्याचा खर्च यांचा आकडा पहिल्या ओळीत मांडावा.

विडीचा धंदा आता उताराला लागला आहे. उद्या त्याच पडवीत शिवणयंत्र येईल, पापडाचे पोळपाट येतील, आणखी काही येईल. माल बदलेल, हिशेब तोच राहील. पडवी आमची आहे, एवढे म्हणून भागत नाही. तीत निपजणाऱ्या कामाचा भाव ठरविताना आमचा शब्द चालला, तरच पडवीचे धनी आम्ही.