कंदील, कॅनरी आणि भाच्याचा प्रश्न

परवा भाच्याचा फोन आला. नवीनच नोकरी लागलीय त्याला, एका कारखान्याच्या सांडपाणी विभागात. म्हणाला, "मामा, टाकीत उतरायच्या आधी गॅस मोजायचं यंत्र लावा म्हणतात. पण त्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो, नाकाला कळतंच की! यंत्र कशाला?"

प्रश्न वाटतो तितका बावळट नाही.

आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. २००५ च्या पुरात त्यातली बरीचशी गेली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी वारा लागू द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर खाली प्राणवायू कमी, थांबा. साधी, स्वस्त युक्ती.

पण कंदिलाला सगळंच कळत नाही. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, ५७ माणसं गेली. जॉन स्कॉट हाल्डेन हे शास्त्रज्ञ तिथे गेले. मृतदेह तपासल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला. या वायूला ना रंग ना वास, आणि माणूस मरेल एवढा असला तरी दिवा आपला मजेत जळत राहतो! (या गृहस्थांनी हा वायू आधी स्वतःच हुंगून काय काय होतं ते लिहून ठेवलं होतं. घरच्यांचं काय झालं असेल?) मग त्यांनी सुचवलं, खाणीत उंदीर किंवा छोटे पक्षी न्या. इवल्याशा जिवाचा श्वास जलद, त्यामुळे तो माणसाच्या कितीतरी आधी कोसळतो. तिथून कॅनरी आली. पुढे तर तिला शुद्धीवर आणायला प्राणवायूची छोटी नळकांडी लावलेले पिंजरेही निघाले. ब्रिटिश खाणींतून तिला निरोप देऊन यंत्रं आणायचं ठरलं ते थेट १९८६ साली.

आता भाच्याचा गॅस, हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला की नाकात जातो. पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि माणूस आणखी एक पायरी उतरतो. बरं, तिथे पेवातला कंदील सोडावा म्हटलं, तर मिथेन साठलेला असला की भडकाच.

हे सगळं त्याला सांगितलं. तिथे कुठला वायू होऊ शकतो आणि तो शरीराला वेळेत कळेल का, एवढंच आधी विचार म्हटलं.

रात्री त्याचा मेसेज आला. यंत्र कपाटात सापडलं. शेवटची तपासणी दीड वर्षापूर्वीची. उद्या साहेबांना विचारतो म्हणे. मी लगेच फोन लावला, तोवर टाकीत पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं.

ताईला यातलं काही बोललेलो नाही. पण ती हा ब्लॉग वाचते.