ऑपरेशन ठरले आहे? आधी काय सांगाल, काय विचाराल?

हर्निया, पित्ताशयातील खडे, गुडघा बदलणे अशी ऑपरेशन्स बहुधा आधी तारीख ठरवून होतात. मधले दिवस नुसते काळजीत घालवू नका. डॉक्टरांना लागणारी काही माहिती फक्त तुमच्याकडेच असते, ती कोणत्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही.

डॉक्टरांना हे सांगा

- चालू औषधे: गोळ्यांची पाकिटेच सोबत न्या. काढे, चूर्णे, आयुर्वेदिक गोळ्याही दाखवा.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल): मनाने बंद केल्यास हृदयातील स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. न सांगता चालू ठेवल्यास रक्तस्राव वाढू शकतो. निर्णय सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञांना घेऊ द्या.
- मधुमेहाची औषधे: डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात. इन्सुलिनचा डोसही बदलावा लागतो. कधी आणि किती, हे लिहून घ्या.
- इतर: औषधाची अ‍ॅलर्जी, आधीच्या भुलीच्या वेळी झालेला त्रास, हलणारा दात, कवळी.
- तंबाखू, मशेरी, विडी, दारू: घरच्यांसमोर संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोला.

उपाशीपोटी म्हणजे नेमके काय?

भुलीत पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून मोठ्या माणसांसाठी सर्वसाधारण नियम असा: तेलकट किंवा मांसाहारी जेवण ८ तास आधी, हलका आहार ६ तास आधी आणि साधे पाणी २ तास आधी थांबवायचे. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, त्यालाही ६ तासच. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. चुकून काही खाल्ले असल्यास लपवू नका. तारीख पुढे गेलेली परवडते.

सही करण्यापूर्वी विचारा

- ऑपरेशन का हवे? दुसरा उपाय आहे का? थांबलो तर काय होईल?
- धोके कोणते? भूल कोणती?
- घरी कधी जाता येईल? कामावर कधी?
- एकूण खर्च किती? विमा किंवा सरकारी योजनेत काय बसते?

संमतीपत्र समजत नसेल तर मराठीत समजावून मागा. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर संमती त्याचीच लागते, नातेवाइकांची चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे आईचे ऑपरेशन असेल, तर प्रश्न आईलाही विचारू द्या.

ऑपरेशनच्या आधी ताप, खोकला किंवा लघवीची जळजळ सुरू झाली, तर दाखल होण्याची वाट न पाहता लगेच रुग्णालयाला कळवा.