रिकाम्या रात्रीची वीज

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय नेहमीचेच. टाकीची गळती, वॉचमनचा पगार, कुणाच्या तरी कुत्र्याची तक्रार. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा अर्ज आला. (मुलगा म्हणजे चांगला पस्तिशीचा आहे, पण आम्हा जुन्या मेंबरांना तो मुलगाच.) त्याने विजेवरची गाडी घेतली आहे. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चाने चार्जर बसवायचा म्हणतो.

सेक्रेटरी म्हणाले, "आज एक, उद्या दहा होतील. ट्रान्सफॉर्मर उडाला तर अख्खी बिल्डिंग अंधारात!" मग हात वर करून मतदान झालं. मीही हात वर केला. विरोधात.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "तुला त्यातलं काय कळतं?"

खरं सांगायचं तर काहीच नाही. हात वर झाला तो भीतीने. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवा. आत्याला तर नक्कीच आठवत असतील. कऱ्हाडला तिच्याकडे गेलं की पाणी कधी चढवायचं, दळण कधी टाकायचं, मिक्सर कधी लावायचा, सगळं लाइटच्या वेळापत्रकावर. पाहुणे येणार म्हटलं की आधी "त्या वेळी लाइट आहे का?" ते दिवस काढलेल्या माणसाला कुणी नवीन काही प्लगमध्ये खुपसतो म्हटलं की पोटात गोळा येतोच.

पण बायकोचं वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून वाचत बसलो. आणि जे सापडलं ते कधी मनातही आलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनाच विजेच्या गाड्या हव्या होत्या. घ्या, आणि आमच्याकडे चार्ज करा, म्हणून त्या लोकांच्या मागे लागल्या होत्या!

गोष्ट सुरू होते सॅम्युअल इन्सल नावाच्या माणसापासून. लंडनचा, जन्म १८५९चा. १८८१मध्ये एडिसनचा सेक्रेटरी म्हणून अमेरिकेत आला आणि १८९२मध्ये शिकागोतल्या एका वीज कंपनीचा प्रमुख झाला. तेव्हा वीज म्हणजे मुख्यतः दिवे. संध्याकाळी अंधार पडला की शहरभर दिवे लागायचे, रात्री विझायचे. आता कंपनीच्या बाजूने विचार करा. त्या चार तासांच्या गर्दीला पुरेल एवढं मोठं यंत्र घ्यायचं, त्यासाठी कर्ज काढायचं, आणि उरलेले वीस तास ते जवळजवळ रिकामं. व्याज मात्र चोवीस तास चालू. मंगल कार्यालयवाल्याला विचारा, तारखा नसलेल्या महिन्यात त्याची झोप कशी उडते ते.

१८९४मध्ये इन्सल इंग्लंडला गेला असताना ब्रायटन इथे त्याने आर्थर राइटचं मीटर पाहिलं. ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, हे ते मीटर दाखवायचं. तिथे इन्सलला किल्ली सापडली. नुसतं 'किती' बघून भागत नाही, 'केव्हा' तेही बघावं लागतं. ज्याची गरज संध्याकाळच्या गर्दीबाहेर आहे त्याला वीज स्वस्त दिली तरी कंपनीचा फायदाच, कारण यंत्र उभंच आहे. मग तो ट्रामवाले, कारखाने, बर्फवाले अशा सगळ्यांच्या मागे लागला. स्वस्त वीज देऊन दिवसाची भोकं बुजवली.

राहिली रात्र. रात्री विजेचं गिऱ्हाईक कोण? दिवसभर पळून दमलेली, गॅरेजमध्ये उभी असलेली विजेची गाडी!

आणि त्या काळी अशा गाड्या काही कमी नव्हत्या. १९००मध्ये अमेरिकेत मोटारी बनल्या सुमारे ४,२००. त्यांतल्या १,५७५ विजेच्या, पेट्रोलच्या ९३६, बाकीच्या वाफेच्या. हे आकडे मी दोनदा तपासले. हँडल मारायला नको, धूर नाही, गिअरची खडखड नाही. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची. नवऱ्याचा पेट्रोल गाड्यांचा कारखाना असून! (ते घर मला ओळखीचं वाटलं.)

चार्जिंगची कटकट तेव्हाही होतीच. शहरांतून एसी वीज पसरत होती आणि बॅटरीला लागते डीसी. म्हणून गॅरेजमध्ये पाऱ्याचा रेक्टिफायर ठेवत. मोठा काचेचा फुगा, आत पाऱ्याची वाफ आणि निळसर-जांभळा उजेड. रात्री अंधाऱ्या गॅरेजमध्ये तो लुकलुकत असेल, शेजारी गाडी गुपचूप उभी असेल... मला ते दृश्य फार आवडलं.

हार्टफर्डच्या वीज कंपनीने तर आणखी पुढची शक्कल काढली. ट्रक घ्या, पण बॅटरीशिवाय. बॅटरी कंपनीची. संपली की भरलेली बदलून देणार, तुम्ही महिन्याची फी आणि मैलांप्रमाणे पैसे द्यायचे. आपल्या गॅस सिलिंडरसारखंच की! ही योजना १९२४पर्यंत चालली. आज रिक्षांच्या बॅटऱ्या बदलून देणारी दुकानं निघाली तेव्हा मला वाटलं होतं, काय डोकं लावलंय बुवा.

मग हे सगळं गेलं कुठे? विजेअभावी बंद पडलं नाही, एवढं नक्की. १९१२मध्ये पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळू लागली आणि विजेची होती १,७५०ला. त्याच वर्षी कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारायचं संपलं. गंमत बघा, बॅटरी आणि छोट्या विजेच्या मोटरनेच विजेच्या गाडीचा घात केला. १९३५च्या आसपास त्या जवळपास दिसेनाशा झाल्या. इन्सलचंही पुढे बरं झालं नाही. मंदीत साम्राज्य कोसळलं, १९३२मध्ये ग्रीसला पळाला, खटल्यांतून सुटला आणि १९३८मध्ये पॅरिसच्या मेट्रो स्टेशनात गेला. असो.

आता आजचं. सेक्रेटरींची भीती अगदीच खोटी नाही, हे कबूल करायला हवं. ऑगस्ट २०२२मध्ये कॅलिफोर्नियाने ठरवलं की २०३५पासून नव्या पेट्रोल गाड्या विकायच्या नाहीत. आठवडाभरात उष्णतेची लाट आली आणि तिथल्या ग्रिडवाल्यांनी लोकांना विनवलं, दुपारी चार ते रात्री नऊ गाड्या चार्ज करू नका. लोक खूप हसले. मी वाचलं तेव्हा मीही हसलो होतो. पण नीट बघा, 'चार्ज करू नका' असं कुणी म्हणालं नव्हतं, 'नऊनंतर करा' म्हणाले होते. इन्सलचंच 'केव्हा'.

गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरची गोष्ट जरा वेगळी. तो दिवसभर तापतो आणि रात्री निवतो. सगळ्यांनी रात्रभर गाड्या लावल्या तर त्याची ती विश्रांती जाते. म्हणजे रात्र काही सगळ्यांसाठी रिकामी नसते. शिवाय रात्रच स्वस्त, हे गणितही बदलतंय. केंद्राच्या २०२३च्या नियमांनुसार सूर्याच्या तासांत वीज निदान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या वेळी महाग असं धोरण आलं, सौरऊर्जेमुळे. इन्सलची रिकामी रात्र आता भर दुपारी येते आहे. पण तेव्हा गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये! तिथे प्लग हवा.

मग मी कागद घेऊन बसलो. गाडी रोज चाळीस किलोमीटर चालली तर साधारण सहा युनिट. घरगुती चार्जर सुमारे तीन किलोवॉटचा, म्हणजे दोन तासांचं काम. आणि आमच्या चोवीस फ्लॅटमध्ये दोन-दोन किलोवॉटचे गीझर आहेत. सकाळी सात वाजता सगळे एकदम लागले तर अठ्ठेचाळीस किलोवॉट. गीझरसाठी कुणी अर्ज केल्याचं मला आठवत नाही. दहा गाड्या झाल्याच तर पाळ्या लावता येतील. पाण्याच्या लावतोच की आपण.

काल तिसऱ्या मजल्यावर जाऊन आलो. मी विरोधात हात वर केला होता हे सांगितलं. "दिसला होता काका," तो म्हणाला. सध्या जेवणं झाल्यावर हायवेच्या चार्जरवर जातो आणि तासभर गाडीत बसून राहतो. धाकटी झोपायच्या वेळेला घरी नसतो.

खाली येऊन सेक्रेटरींना फोन केला, अर्ज पुन्हा ठेवा म्हणून.

"अहो, पण तुम्हीच हात वर केला होतात ना?"

केला होता, म्हटलं. मीटिंग रविवारी साडेदहाला आहे. कागद बरोबर नेणार आहे.